बय्यूमीची ढाबळ उतरवली तेव्हा

पिशवी बघून माझी निराशाच झाली. आधी कितीतरी दिवस पोटात सुया टोचून घेतल्या होत्या. त्यांनी कंबरेची, मांड्यांची हाडं अशी ठणकत होती की जिना चढताना मी दर मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या दारात टेकायचे. मग दोन्ही हातांत नळ्या लावून अर्धा दिवस खुर्चीला खिळून बसले. नाक खाजलं तरी नर्सला सांगायचं, बाई, जरा खाजवता का. एवढं करून निघालं काय, तर पेलाभर लालसर पाणी.

"एवढंच?" मी म्हटलं. "मला वाटलं, निदान बादलीभर लागेल. माणूस केवढा आहे बघा की."

"मादाम इन्शिराह, यात पुष्कळ आहे," डॉक्टर नर्मीन म्हणाल्या.

त्याच दुपारी ते पेलाभर माझ्या धाकट्या भावाच्या, बय्यूमीच्या छातीतल्या नळीतून आत गेलं. मी काचेबाहेर उभी होते. त्याचं डोकं सोललेल्या अंड्यासारखं झालं होतं, भुवयासुद्धा गेल्या होत्या. काचेच्या दोन्ही बाजूंना बोलायला फोन होते. आपला फोन उचलून तो म्हणाला, "अब्ला, उद्यापासून मी शिवणकाम शिकवायला लागलो तर?"

"तेवढी अक्कल नाही जात त्यातून," मी म्हटलं.

मी आमच्या इंबाबा वस्तीतल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाले. शाळेतल्या पोरी मला अब्ला म्हणत, आणि थोरली बहीण म्हणून बय्यूमीही अब्लाच म्हणतो. मी विधवा, चौथ्या मजल्यावर एकटी राहते. माझ्या डोक्यावर पाचव्या मजल्यावर बय्यूमी आणि त्याची बायको कौसर. आणि त्यांच्या डोक्यावर, गच्चीत, त्याची कबुतरं.

बय्यूमी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत, वर-खाली, वर-खाली. संध्याकाळी घरी आला की जेवण मागायचा नाही, बसायचा नाही, सरळ गच्चीवर. तिथे त्याने लाकडाची ढाबळ उभारली होती. आमचं घर पाच मजल्यांचं, त्याच्यावर आणखी दोन मजले चढवल्यासारखी उंच. निळा-पिवळा रंग दिलेला. सगळ्यात वरच्या फळीवर उभा राहून तो झेंडा फिरवायचा आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारायचा की खाली माझ्या हातातली सुई निसटायची. माझ्या वाळत घातलेल्या चादरींचं काय व्हायचं, ते सांगत बसत नाही.

गल्लीच्या पलीकडच्या गच्चीवर दुसूकीची ढाबळ. दुसूकीचं खाली इस्त्रीचं दुकान. दोघांचे थवे एकाच वेळी आभाळात जायचे, एकमेकांत मिसळायचे, आणि खाली उतरताना कुणाचं एखादं पाखरू वाट चुकून दुसऱ्याच्या थव्याबरोबर उतरलं की ते त्याचं. परत मागायचं नाही, असा यांचा कायदा. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी फक्त गच्चीवरून बोलत होते, आणि जे बोलत होते ते माझ्यासारख्या बाईने सांगण्यासारखं नाही.

मग बय्यूमी ढाबळीची शिडी चढताना धापा टाकायला लागला. अंगावर निळे डाग उठायला लागले. रक्ताचा कर्करोग निघाला. इंजेक्शनं झाली, बरं वाटलं, पुन्हा उलटलं. शेवटी डॉक्टर नर्मीन म्हणाल्या, त्याच्या हाडांतला मगज पार रिकामा करून दुसऱ्या कुणाच्या पेशी घालाव्या लागतील. सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं ते माझं.

पिशवी गेली तरी पहिले दिवस वाईटच. आधीच्या औषधांनी तोंड आतून सोलून निघालं होतं. थुंकी गिळायची म्हणजे काचा गिळणं. ताप यायचा, जायचा, यायचा. आणि एवढं असून माणूस पलंगावर टिकेल तर शपथ. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, सलाइनचा खांब चाकांवर खडखडत मागे. खिडकी कायमची बंद, उघडायची सोयच नव्हती. तिला कपाळ लावून तो आभाळात बघत राहायचा.

त्याची नर्स दिमयाना नावाची, दक्षिणेकडच्या असूतहून आलेली, आवाज खणखणीत. ती त्याला कारागिराचा मान देऊन म्हणायची, "उस्ता बय्यूमी, या फरशीचा तुम्ही रस्ता केलात. बसा ना जरा! नळी उपटून घ्याल."

"बसलो की हाडं चावतात, मिस दिमयाना."

"उभं राहिलं की?"

"उभं राहिलं की डोकं चावतं."

मोबाइल म्हणजे त्याचा तिसरा हात. रोज दुपार उतरली की कौसरला गच्चीवर पाठवायचा आणि फोनवर चित्र बघत हुकूम सोडायचा. कौसर बिचारी मऊ बाई. तिला शीळ येत नाही. झेंडा हातात धरला तर वाटावं, कुणाला तरी निरोप देते आहे.

"वर धर! वर!" तोंडात फोड आलेला माणूस पुटपुटत ओरडायचा. "कौसर, पोळी लाटत नाहीयेस तू!"

"मग या ना तुम्हीच," कौसर म्हणायची, आणि तिचं तिलाच वाईट वाटून ती रडायची. थवा ढाबळीवर बसलेला तसाच बसून राहायचा.

काही दिवसांनी त्याच्या रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या, म्हणजे माझ्या रुजल्या. डॉक्टर नर्मीन स्वतः सांगायला आल्या. मी त्या दिवशी गाऊन, टोपी, मास्क, सगळं चढवून आत बसले होते. आनंदाने माझ्या तोंडून किलकारीच निघायची, दिमयानाने खांदा दाबला. बय्यूमी म्हणाला, "म्हणजे घरी कधी?"

"हळूहळू," त्या म्हणाल्या, आणि पलंगावर पडलेल्या फोनकडे बघत थांबल्या. फोनवर कौसर होती, मागे ढाबळ, आणि कौसरच्या खांद्यावर एक कबूतर. "हे काय आहे?"

"माझी पाखरं."

"कुठे आहेत ही?"

"घरीच. वर. गच्चीवर."

त्यांनी खुर्ची ओढली. एवढ्या घाईतली बाई बसून बोलणार म्हणजे गोष्ट साधी नव्हती. त्यांनी शांतपणे सांगितलं. कबुतरांच्या शिटेची धूळ, तिच्यातली बुरशी, साध्या माणसाला काही होत नाही. याच्या छातीत ती गेली तर आम्ही सगळे मिळूनही काही करू शकणार नाही. तो वर गेला नाही म्हणून भागणार नाही. ती जिन्यातून खाली येते, बायकोच्या कपड्यांवरून येते. तेव्हा घरी जाण्याआधी कबुतरं गेली पाहिजेत, गच्ची धुतली पाहिजे.

"मी सात वर्षांचा असल्यापासून ती धूळ खातोय, डॉक्टर."

"तो खाणारा वेगळा होता. आताचं तुमचं रक्त तान्ह्या बाळाएवढं आहे."

"मग बाळ घरी येत नाही. इथेच राहतो," बय्यूमी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्या त्याने घेतल्या नाहीत. दुपारच्याही नाहीत. दिमयानाने मला फोन केला. मी बस बदलत, घामाघूम, इस्पितळात पोचले आणि गाऊन चढवून आत घुसले.

"तोंड उघड."

"नाही."

"बय्यूमी, गोळ्या घेतल्या नाहीस तर माझ्या पेशी तुला खाऊन टाकतील असं डॉक्टर म्हणतात."

"खाऊ देत. घरचंच माणूस आहे."

"त्या माझ्या आहेत. मला विचारल्याशिवाय त्यांचं वाटोळं करायचं नाही."

"दिल्यास ना? दिलं म्हणजे माझं झालं. हवं असेल तर पेला घेऊन ये आणि काढून घे."

मी संतापले. म्हटलं, "एक एक पाखरू कापते, पोटात भरड गहू भरते, भाजते आणि सगळ्या गल्लीला वाटते. मग बस भिंतीकडे तोंड करून."

तो एकदम वळला. तो चेहरा मला बघवेना. भुवया नसल्या की माणसाचा राग लपत नाही, आणि भीतीही लपत नाही. मग त्याने हात पुढे केला आणि गोळ्या घेतल्या. प्रत्येक घोटाला डोळ्यांतून पाणी.

"विकू नकोस," तो म्हणाला. "शुक्रवारच्या बाजारात नेलीस तर संध्याकाळी कुणाच्या तरी ताटात असतील. आणि त्या दुसूकीला तर नाहीच नाही."

आता इंबाबात एवढी कबुतरं सांभाळू शकेल असा दुसूकीशिवाय कोण आहे? मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात गेले. तो पाण्याचा हबकारा मारून एक पॅन्ट दाबत होता. मला बघून इस्त्री उभी केली.

"या हाज्जा. कसा आहे तो हरामखोर?"

"अजून हजला गेले नाही, आणि तो हरामखोर माझा भाऊ आहे."

"म्हणून तर विचारतोय."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, माणूस उड्या मारेल. आयुष्यभर ज्या थव्यावर डोळा ठेवला तो आयता दारात येतोय. पण दुसूकी स्टुलावर बसला आणि मान हलवायला लागला.

"नाही जमायचं."

"का?"

"हाज्जा, ती पाखरं आहेत, कोंबड्या नाहीत. मी आज माझ्या ढाबळीत कोंडली, उद्या सोडली, की पंख मारत सरळ तुमच्या गच्चीवर. गल्ली ओलांडायची, बस. त्यांचं घर ते आहे. ती ढाबळ उभी आहे तोवर ती कुणाचीच होणार नाहीत."

"मग ढाबळ पाडू."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण शब्द बोलले होते. "माणूस इस्पितळात असताना त्याची ढाबळ पाडायची? आणि पाखरं दुसूकीकडे? उद्या सगळं इंबाबा माझ्या तोंडावर थुंकेल. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एका पिसालाही हात लावणार नाही."

"मग चल त्याच्याकडे."

तो आला. चांगला कडक इस्त्री केलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून आला, जणू मुलगी बघायला चालला आहे. काचेसमोर उभा राहिला. बय्यूमीने त्याला पाहिलं आणि पलंगावरून उतरून, खांब ओढत, अगदी काचेपर्यंत आला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गच्च्यांच्या मध्ये गल्ली असते. एवढ्या जवळून कितीतरी वर्षांत पाहिलं नसेल. मी फोन उचलून दुसूकीच्या हातात दिला, पण कान लावून तिथेच उभी राहिले.

"काय टक्कल आहे," दुसूकी म्हणाला.

"तुझ्या तेलाचा वास काचेतून येतोय," बय्यूमी म्हणाला.

"तुझी बायको झेंडा धरते तेव्हा माझी पाखरं हसतात."

"तुझी पाखरं? त्यातली अर्धी माझी आहेत, चोरा."

"पकडली म्हणजे माझी. कायदा आहे."

"कशाला आलास?"

दुसूकीने घसा खाकरला. मग त्याने एकदम कामाच्या गोष्टी काढल्या. अंडी घालणाऱ्या जोड्या तो कोंडूनच ठेवील, त्यांची पिल्लं त्याच्याकडे जन्मली की त्याच्या गच्चीला घर समजतील. उडणाऱ्यांच्या पंखांची पिसं बांधील, नवी येईपर्यंत सोडणार नाही. म्हाताऱ्या दोन माद्या आहेत, त्या कुठेही राहतील. पण ढाबळ उतरवावी लागेल. पूर्ण. एक फळी ठेवली तरी ती तिच्यावर येऊन बसतील. तो बोलत होता आणि बय्यूमीचा चेहरा काचेच्या आत गोठत चालला होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. तू हो म्हण, मी करतो."

"तू माझ्या मरणाची वाट बघत होतास. मेलो नाही म्हणून आता हा डाव." आणि त्याने फोन असा आदळला की दिमयाना धावत आली.

दुसूकी बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मी म्हटलं, "मनावर घेऊ नकोस." तो म्हणाला, "मनावर काय घ्यायचं. गच्चीवरून याहून वाईट बोलतो. पण हाडं राहिलीत हो नुसती." आणि त्याने त्या इस्त्रीच्या शर्टाची बाही डोळ्यांना लावली.

मग बय्यूमीच्या हातापायांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाल्या, बहिणीच्या पेशी नव्या घराला बुजल्या आहेत, घाबरू नका, औषध आहे. मला मनातून वाटलं, माझ्याच आहेत, भांडणारच. त्या औषधाने पुरळ उतरलं, पण माणसाची झोप पार उडाली. हात थरथरायचे, डोळे लकाकायचे, भूक अशी की उकडलेल्या बटाट्यावर तुटून पडायचा, आणि चालणं तर थांबेचना. आता पेशी वाढल्या होत्या, म्हणून मास्क लावून खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये फिरायची परवानगी मिळाली. तिथे तो भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, "आज वारा कुठून आहे?"

एक दिवस कौसर त्याला डबा देऊन घरी परतली होती. दुपार उतरत होती. मी बाल्कनीत मुलूखियाच्या भाजीची पानं निवडत बसले होते, तर खाली गल्लीत आरडाओरडा. वाकून पाहिलं. दुसूकीच्या दुकानासमोर खुर्चीवर एक माणूस बसलेला, पांढरी पायघोळ गलाबिया, तोंडाला मास्क, डोक्याला उपरण्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं. त्याच्यासमोर दुसूकी हातात गरम इस्त्री घेऊन गरागरा फिरत होता.

"लांब! लांब व्हा! मुका घ्यायला येईल त्याचा गाल दाबीन! ए, तू, खोकतोस काय, तिकडे जाऊन खोक!"

आमच्या गल्लीत माणूस आजारातून उठून आला तर त्याचे गाल सुजेपर्यंत लोक मुके घेतात. सगळे धावले होते, आणि इस्त्रीच्या वाफेपुढे थांबले होते.

मी चौथ्या मजल्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. एका पायात चप्पल होती.

"गाढवा!" मी लांबूनच ओरडले. "पळून आलास?"

"टॅक्सीने आलो. काचा उघड्या ठेवायला लावल्या," बय्यूमी म्हणाला. श्वास लागला होता. गलाबियाच्या आत छातीतल्या नळीचा फुगवटा दिसत होता.

"वर गेलास?"

"गेलो. पहिल्या मजल्यापर्यंत." त्याने मास्क दाबून धरला. "जिन्यात वास येतो, अब्ला."

"कसला?"

"कबुतरांचा. धुळीचा. घशात बसला. मला कधी वासच आला नव्हता."

"मला रोज येतो," मी म्हटलं.

तो मान मागे टाकून वर बघायला लागला. गच्चीवर कौसर उभी होती. तिने त्याला पाहिलं असावं, कारण ती एकदम ढाबळीची शिडी चढायला लागली. उंचीला घाबरणारी ती बाई दोन्ही हातांनी कठडा धरत वर गेली आणि झेंडा फिरवायला लागली. थवा हलेना. बय्यूमीने मास्क खाली ओढला, दोन बोटं तोंडाशी नेली आणि तशीच धरून राहिला. ओठ अजून जखमांनी भरलेले. शीळ निघणं शक्य नव्हतं.

तेव्हा दुसूकीने इस्त्री माझ्या हातात दिली आणि शीळ घातली.

थवा उठला. एकदम सगळा, फडफडाट होऊन. गल्लीवरून एक फेरी, दोन, मग उंच नदीकडे, मग पुन्हा आमच्या डोक्यावर. उन्हात पोटं पांढरी दिसायची, वळली की राखाडी. गल्लीत सगळ्यांच्या माना वर. दुसूकीच्या गच्चीवर त्याचे भाचे होते, त्यांनी आपला थवा सोडला नाही.

बय्यूमी बघत होता आणि त्याचे गुडघे खुर्चीवर सारखे हलत होते. पाखरं उतरायला लागली तसा तो म्हणाला, "उद्या ढाबळ उतरव."

"बय्यूमी..." दुसूकी म्हणाला.

"फळ्या फोडू नकोस. खिळे काढून उतरव, चांगलं लाकूड आहे. आणि ती तांबडी जोडी वेगळी ठेव, नर चावतो."

"माहिती आहे मला. माझं बोट फोडलंय त्याने."

"पकडायला गेला असशील तेव्हा."

"अर्थात."

मी त्याला टॅक्सीत कोंबलं. रस्ताभर तो खिडकीतून मागे वळून बघत होता, मग बघायचा थांबला, मग पाय आपटायला लागला. इस्पितळात डॉक्टर नर्मीन दारातच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताप दुसऱ्याच दिवशी चढला. हुडहुडी, दात वाजताहेत, ओठ निळे. फुप्फुसाचं चित्र काढलं, एका कोपऱ्यात डाग दिसला. बुरशी असेल, नाहीतर दुसरे जंतू, डॉक्टर म्हणाल्या, आणि दोन्हींची औषधं सुरू केली. पुन्हा तीच खोली, पुन्हा काच. आता तो चालत नव्हता. इतके दिवस मी त्याला बस बस म्हणत होते, आणि आता तो निपचित पडला होता तर मला वाटायचं, ऊठ रे, एक फेरी मार, खांब खडखडव. मीच कॉरिडॉरमध्ये फिरायला लागले. दिमयाना म्हणाली, "पेशी तुमच्या त्याच्यात गेल्या की त्याच्या तुमच्यात?"

कौसर बाकावर बसून माळ ओढायची. तिला एकच घोर. "अब्ला, मी झेंडा दाखवला नसता तर तो लगेच परत गेला असता ना?"

"तू झेंडा दाखवलास म्हणून तो परत गेला," मी म्हटलं. खरं काय ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

त्याच दिवसांत इकडे ढाबळ उतरली. दुसूकीने दुकान बंद ठेवलं. भाच्यांना घेऊन तो वरपासून खिळे काढत आला, फळ्या दोरांनी खाली सोडल्या, लांबीप्रमाणे रचून बांधल्या. पाखरं वेताच्या पिंजऱ्यांतून नेली, वर कापड टाकून, म्हणजे त्यांना वाट दिसायला नको. गच्ची साबणाच्या पाण्याने धुतली, मग औषधाच्या पाण्याने. त्याने मला विचारलं, "सांगितलंत त्याला?" मी म्हटलं, "ऐकण्याच्या स्थितीत नाही तो." तो म्हणाला, "मग नका सांगू. बरा झाला की मीच शिव्या खातो."

औषध लागू पडलं. डाग वाढायचा थांबला, मग आकसला. एक दिवस मी काचेशी गेले तर तो पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. मला बघून फोन उचलला. "उतरवली?"

"उतरवली."

"खिळे सरळ करून ठेवले का वाकडेच?"

"मला काय माहीत खिळ्यांचं?"

"विचारून सांग."

पुढे एक तपासणी आली. डॉक्टर नर्मीन म्हणाल्या, आता याच्या रक्तात याचं स्वतःचं काहीच दिसत नाही, सगळं बहिणीचं, स्त्रीचं. बय्यूमीने विचार केला. म्हणाला, "मग मेट्रोत बायकांच्या डब्यात बसलो तर पोलीस पकडणार नाही ना? तिथे जागा असते." दिमयाना हसून हसून भिंतीला टेकली.

त्याला घरी आणलं तेव्हा मी पाचही मजले आधीच पुसून ठेवले होते. खुर्चीवर बसवून शेजाऱ्यांनी उचलून वर नेला, सगळ्यांना मास्क. घरात आला आणि पहिलं काम म्हणजे छताकडे बघत उभा राहिला. खिडक्या बंद, गालिचे काढलेले, कौसर रोज फरशी पुसते. फूलच्या, म्हणजे उकडलेल्या वालांच्या, गाडीवरचं खायचं नाही, कोशिंबीर नाही, पाहुणे नाहीत, गच्ची नाही. किती दिवस, तर डॉक्टर म्हणतात, बघू. तो या खोलीतून त्या खोलीत जातो. दुसूकीला दिवसातून इतक्या वेळा फोन करतो की दुसूकी माझ्या दारात येऊन रडतो.

"हाज्जा, वैर होतं ते बरं होतं. आता मला पाणी किती घालायचं ते शिकवतो. मला! मी कपड्यावर जास्त वेळ इस्त्री ठेवायला लागलोय त्याच्यापायी."

"फोन उचलू नकोस."

"नाही उचलला तर कौसरला तुमच्या बाल्कनीत उभी करून ओरडायला लावतो."

गेल्या आठवड्यात एक पाखरू आलं. कसं सुटलं कोण जाणे, एका पंखाची बांधलेली पिसं गळून नवी आली असतील. काळ्या शेपटीचं. बय्यूमी झोपण्याच्या खोलीत होता, त्याला छतावर पावलांचा आवाज आला. माणसांना ऐकूसुद्धा येणार नाही असा. त्याने मला फोन लावला. "अब्ला, वर जा. कुणीतरी आलंय."

हातातलं लाटणं तसंच घेऊन मी वर गेले. धुतलेल्या, उघड्या गच्चीच्या मध्यभागी ते उभं होतं. जिथे ढाबळ होती तिथे चार खांबांच्या खुणा आहेत, त्यांच्यात फेऱ्या मारत होतं.

"कसं आहे दिसायला?" फोन कानाशी धरून तो विचारत होता.

मी सांगितलं.

"मान वर करून चालतं? उजवा पाय जरा आत?"

"हो."

मला वाटलं, आता तो म्हणेल, राहू दे एक. खरं सांगते, मी त्या पाखराकडे बघत होते आणि मलाही ते हुसकवावंसं वाटत नव्हतं. ज्यांच्या शिटेने माझ्या चादरी कधी पांढऱ्या राहिल्या नाहीत त्यांतलंच ते एक.

"हाकल," बय्यूमी म्हणाला.

"काय?"

"पत्रा वाजव. तिकडे टाकीजवळ आहे. जोरात. दाणा टाकू नकोस, एकही नाही. टाकलास तर उद्या पुन्हा येईल."

मी पत्रा उचलला आणि लाटण्याने बडवला. ते उडालं, टाकीवर बसलं. पुन्हा बडवला. ते कठड्यावर आलं, माझ्याकडे तिरकं बघायला लागलं. मी बडवत राहिले, हात दुखेपर्यंत, ओरडतही राहिले असेन, कारण पलीकडच्या गच्चीवर दुसूकी येऊन उभा राहिला आणि त्याने शीळ घातली. पाखरू उठलं. गल्लीवर दोनदा घिरटी घातली, मग तिकडे उतरलं.

खाली येऊन मी जिन्यातच वरचा अंगरखा काढला, पिशवीत बांधला, हात कोपरापर्यंत धुतले, मास्क बदलला. मग आत गेले. बय्यूमी छताखाली उभा होता, मान वर.

"गेलं?"

"गेलं."

"त्याच्याकडे?"

"त्याच्याकडे."

"पुन्हा येईल. फार हट्टी आहे."

"येऊ दे. पत्रा कुठे आहे ते आता मला माहीत आहे."

त्याने मान हलवली आणि पुन्हा चालायला लागला, खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत. थोड्या वेळाने मीही त्याच्याबरोबर चालायला लागले, कारण बसून त्याच्याकडे बघत राहण्यापेक्षा ते सोपं होतं.